एसीला हळदीकुंकू

आमच्या गल्लीतला पहिला एसी आला तो आमच्याच घरी! तासगावजवळ आमचं गाव. उन्हाळ्यात पत्र्याचं घर नुसतं भाजून निघतं. आईचं मिरजेला हृदयाचं ऑपरेशन झालेलं, त्या संध्याकाळी ती घरी यायची होती, आणि डॉक्टरांनी बजावलेलं, उकाडा सोसायचा नाही. मग काय, आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तडक एसीच आणला.

मी आयटीआयला वायरिंग शिकले, सांगलीत तेच काम करते. सकाळी हौसेनं एसटीतून उतरले. दुकानाची माणसं एसी भिंतीला बसवून गेलेली, पण लाईन आण्णांनी स्वतःच ओढलेली! फौजेतनं रिटायर झालेला माणूस, थांबतोय कशाला? द्राक्षबागेतल्या विहिरीवरची, पाण्याच्या मोटरची जुनी केबल. मधे जोड, त्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. जोडलेली कुठं, तर फ्रिजच्या बोर्डाला. आणि अर्थिंगची तार? तिचा पत्ताच नाही.

माझं डोकंच फिरलं. "आण्णा, ह्ये काय करून ठेवलंय?"

"का? इतकी वर्सं मोटर वडली ह्या केबलीनं. तुजा एसी काय मोटरीपेक्षा दांडगा हाय व्हय?"

"एसीला मेन बोर्डापास्नं सवती लाईन लागती. तिचा वेगळा एमसीबी, आपोआप पडनारा खटका, लागतो. मधी जोड चालत न्हाई. आन अर्थिंग तर पायजेच, नियम हाय तो!"

"नियम मला नगं शिकवू. फौजेत हुतो मी."

असा संताप आला म्हणता! पण ओरडून आण्णा ऐकायचे नाहीत, हे मला ठाऊक. आमच्या घरात ट्रॅक्टर येऊ दे नाहीतर मिक्सर, आई अनवाणी पुढं होते, ओल्या हातानं वस्तू पुसते आणि मगच हळदीकुंकू लावते. आणि एसीचं परसातलं यंत्र म्हणजे नुसता पत्रा; अर्थिंग नसताना करंट उतरला तर थेट त्यातच.

"बरं," मी म्हटलं, "सांच्याला ह्या पत्र्याला पयला हात कुणाचा लागणार हाय?"

आण्णांनी केबलकडं बघितलं, यंत्राकडं बघितलं. मग तरातरा गेले आणि कुदळ घेऊन आले. "खड्डा कुठं घ्यायचा, बोल."

मग जी धांदल उडाली! मीठ, कोळसा, पाईप घालून अर्थिंगचा खड्डा भरला, बोर्डापासून नवी अखंड केबल ओढली. फेज आणि अर्थिंगमध्ये बल्ब धरला आणि, आई शप्पथ, लख्ख पेटला, म्हणजे अर्थिंग पक्कं! मी अशी किंचाळले की गल्ली गोळा झाली. एसी सुरू करून बघितला, गार वारा आला. लय भारी वाटलं.

संध्याकाळी आई आली. घरात जरा टेकली असेल नसेल, चपला काढून, तांब्या आणि करंडा घेऊन थेट परसात.

"थांब," आण्णा म्हणाले. त्यांनी आपल्याही चपला काढल्या, तांब्यात हात बुडवला आणि अख्खा तळवा पत्र्यावर ठेवला.

मी भडकले. "चारचारदा तपासलंय मी! माज्यावर भरवसा न्हाई व्हय?"

"हाय की. म्हनून तर अनवाणी आलो." हात तसाच. "पर तुजी आय एकच हाय, बाय."

आई करंडा घेऊन ताटकळत उभी. "आवं, आता हात काडा की," ती म्हणाली, "कुकू कुठं लावू मी?"