माझा पायगुण आणि उतरलेली बॅटरी

लग्न होऊन मी दुधनीहून सोलापुरात आले आणि आठवडाभरात सासरच्या मोटारीची बॅटरी उतरली. सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. सासऱ्यांचं मंगळवार पेठेत भुसाराचं दुकान होतं आणि गल्लीत मोटार फक्त त्यांच्याच दारात. घरात तिला देवाखालोखाल मान. सकाळी माझे यजमान किल्ली फिरवायचे, इंजिन नुसतं कण्हायचं, मग दुकानातले हमाल येऊन धक्का मारायचे. बॅटरी चार्जिंगला टाकून आणली की एक-दोन दिवस बरे जायचे. पुन्हा तेच.

नवी बॅटरी आणली. तीही उतरली. तेव्हा सासूबाईंनी स्वतःच निदान केलं. शेजारणीला ओट्यावर बसवून, मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "हिचं पाऊल पडलं आन् गाडीचा करंटच गेला की वो. त्याआदी एक दिवस कुरकुर न्हवती."

पांढऱ्या पायाची, हे शब्द काही त्यांनी उच्चारले नाहीत. गरजच नव्हती. गल्लीतल्या बायका मला पाहून बोलायच्या थांबू लागल्या. माझे वडील भेटायला आले तर त्यांनाही तेच ऐकवलं. वडील मान खाली घालून चहा प्यायले आणि लगेच स्टँडवर गेले. त्या दिवशी मी मोरीत जाऊन रडले. मला एकच हवं होतं: बिघाड सापडावा आणि चार माणसांत कुणीतरी म्हणावं, यात पोरीचा काही दोष नाही. ती मोटार दुरुस्त व्हावी असं माझ्याइतकं त्या घरात कुणालाच वाटत नसेल.

मिस्त्री पहिल्यांदा आला तो बॅटरी भरणाऱ्या डायनामोचा पट्टा घट्ट करून गेला. दुसऱ्यांदा डायनामो उघडून आतले कार्बन बदलून गेला. तिसऱ्या वेळी यजमान वैतागले, "आता तरी नीट बगा की." मी खिडकीत तांदूळ निवडत बसले होते. तांदूळ कसले, सगळं लक्ष बॉनेटखाली. मिस्त्रीनं डायनामोच्या वायरी सोडवल्या, थेट डायनामोलाच एक बल्ब जोडला आणि गाडीला धक्का मारून इंजिन चालू करायला लावलं. बल्ब लख्ख पेटला.

"डायनामो तो अच्छा है," तो म्हणाला. "करंट तयार हुतोय, बॅटरीपर्यंत जात न्हाय. वायर बगतो."

चाचपत चाचपत गेला आणि एका जागी थांबला. तिथं काळी पट्टी गुंडाळलेली होती. आत वायर कापून पुन्हा नुसता पीळ देऊन जोडलेली. पीळ सैल पडलेला, तांबं जळून काळं झालेलं.

"ये किसने काटा?"

यजमानांना लगेच आठवलं. आमच्या वरातीत मोटारीच्या टपावर रंगीत बल्बांची माळ सोडली होती. ही वायर कापून ती जोडणारा माझ्या नणंदेचा नवरा, सगळ्यांची वाहवा घेत मिरवला होता. म्हणजे सासूबाईंचं अगदीच खोटं नव्हतं, बिघाड माझ्या लग्नातलाच. फक्त त्याला माझे पाय नव्हे, त्यांच्या जावयाचे हात लागले होते.

मला वाटलं, आता बोलतील.

सासूबाई म्हणाल्या, "पावण्यानं हौसेनं केलं की. त्येंच्यापुढं विषय काडू नगा, मनाला लावून घेतील." सासरे म्हणाले, "व्हय, ऱ्हाऊ द्या." झालं. जावयाचं मन नाजूक. माझं बहुतेक लाकडाचं असावं.

नवी वायर पडली आणि मोटार किल्ली फिरवताच सुरू होऊ लागली. सोमवारी सगळ्यांनी तिच्यातून सिद्धेश्वराच्या दर्शनाला जायचं ठरलं. मी लग्नातलं इरकल नेसले, डोक्यावरून पदर घेतला आणि ओटा उतरले, तोच मागच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या, "तू ऱ्हा घरी. आत्ता कुटं गाडी नीट झालीया, उगं कशाला परीक्षा?"

मी यजमानांकडे पाहिलं. ते स्टिअरिंगवर बसले होते. ती कापलेली वायर हातात धरून, बिघाड नेमका कुठं होता ते मला त्यांनीच समजावून सांगितलं होतं. त्यांनी काच खाली केली आणि हळूच म्हणाले, "जा की आत. गाडी सुरू करायची हाय."