शेवटची ओळ गुरुजींची

मन्मथअप्पा गुरुजींना पाहण्याआधी मी त्यांचा वर्ग ऐकला. नेमणुकीचा कागद पर्समध्ये घेऊन नांदेडहून निघाले होते. कंधारला गाडी बदलली, जळकोटच्या अलीकडे एका फाट्यावर उतरले आणि धुळीतून चालत त्या गावच्या प्राथमिक शाळेपाशी पोचले. लातूर जिल्हा तेव्हा नवाकोरा होता. कोणतं कार्यालय कुठे गेलं, हे कार्यालयातल्या लोकांनाही नीट ठाऊक नव्हतं, मग माझ्यासारख्या पहिल्याच नोकरीच्या मुलीला काय कळणार?

आतून गाणं ऐकू येत होतं. एक मूल एक ओळ म्हणायचं, लगेच दुसरं आपली ओळ धरायचं, आणि ठेका टाळ्यांचा. असं छान चाललेलं असताना मध्येच गाणं गप्प झालं. नुसत्या चार टाळ्या वाजल्या आणि पुढच्या मुलाने पुन्हा सूर धरला. मला वाटलं, पोरं विसरली. दारातूनच मी म्हणाले, "पुढची ओळ आठवत नाही का रे?"

पत्र्याच्या डब्यावर ठेका धरून बसलेल्या गृहस्थांनी मान वर केली. कपाळावर भस्माचे पट्टे, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. म्हणाले, "बाई, ती ओळ आपली न्हाई. ज्याची हाय त्यो आज आला न्हाई."

ही आमची ओळख. नाव-गाव नंतर झालं.

या गौरवग्रंथाचे बहुतेक वाचक गुरुजींचे विद्यार्थी आहेत, त्यांना त्या गाण्याबद्दल सांगायला नको. इतरांसाठी सांगते. गुरुजींच्या वर्गात प्रत्येक मुलाची स्वतःची एक ओळ असे. ती त्यानेच रचायची, सकाळी उठल्यावर डोळ्यांना दिसलेल्या गोष्टीवर, आणि ठेक्यात बसेपर्यंत घासायची. मग ती त्याची झाली. दुसऱ्या कुणी ती म्हणायची नाही. ज्याची ओळ त्याने ती पाटीवर लिहायची, त्यातले शब्द मोजायचे, तिचं चित्र काढायचं. अक्षरओळख, मोजणी, ताल, सगळं त्या एका ओळीत होऊन जाई. आणि गाण्याची शेवटची ओळ गुरुजींची असे. सगळ्यांचं म्हणून झालं की डब्यावर थाप देऊन ते म्हणत, "उद्या या रे लेकरांनो, उद्या या." त्याशिवाय गाणं संपत नसे.

चित्रकलेचा तास, गायनाचा तास असं वेगळं काही त्यांच्या शाळेत नव्हतं. कुणी विचारलं की चिडत. "जेवणात मिठाचा येगळा घास घेता का?" म्हणत. वजाबाकी शिकवताना स्वतः खवट दुकानदार होत आणि पोरांशी खरोखरचं भांडण उकरून काढत. रंग म्हणजे गेरू, हळद, कोळसा आणि घरून आणलेली कपड्यांची नीळ. हे रंग कुटून द्यायचं काम त्यांच्या पत्नीचं, आम्हा सगळ्यांच्या काकूंचं.

आज हे वाचायला गोड वाटतं. तेव्हा नव्हतं. "पोरं शिकायला धाडतो का टाळ्या पिटायला?" असं आई-बाप तोंडावर म्हणत. शिक्षकांच्या बैठकीत त्यांचं नावच 'नाटक्या मास्तर' पडलं होतं. चहाच्या वेळी सगळे घोळक्याने उभे राहत आणि गुरुजी कडेला एकटे बशीत चहा ओतून पीत. त्यांना वाईट वाटत असणारच. पण ते कधी बोलले नाहीत आणि मलाही त्यांच्या बाजूने बोलू दिलं नाही. "तुमी नवीन हाव. गप बसा," एवढंच.

स्वभाव गोड होता असं मी मुळीच लिहिणार नाही. 'शाबास' हा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकलेला नाही. फारच खूश झाले तर म्हणत, "पुन्हा म्हण." बस, तेवढ्यासाठी पोरं जीव टाकत.

मीही टाकला. भाड्याच्या खोलीत मी एकटी, नांदेडच्या आठवणीने रडकुंडीला आलेली. एक दिवस गुरुजी वर्गात म्हणाले, "बाईंची ओळ कुठं हाय?" मी चाचरत म्हणाले, "कंधारची गाडी गेली, बाई राहिल्या मागं." पोरं हसली. गुरुजी हसले नाहीत. म्हणाले, "पुन्हा म्हण." त्या संध्याकाळी काकूंनी मला जेवायला बोलावून घेतलं, आणि पुढे ते रोजचंच झालं.

त्या घरची एक रीत मला तिथेच कळली. गुरुजी चपला काढतात न काढतात तोच काकू चुलीपासून विचारायच्या, "आज कोण आलं न्हाई?" गुरुजी नावं सांगायचे. कुणाला ताप, कुणाच्या घरी पाहुणे. काकू ऐकून घ्यायच्या आणि मगच पाण्याचा तांब्या पुढे करायच्या.

मग दुष्काळ आला. विहिरीचा तळ दिसू लागला. वर्गात तेव्हा नव्या जिल्ह्याचा मातीचा नकाशा चालला होता, कारण छापील नकाशा आमच्यापर्यंत पोचलाच नव्हता. माती भिजवायला पाणी कुठलं? पोरं घरून भांडी विसळलेलं पाणी आणायची. तिरू नदी रंगवायचं काम रुक्मीण नावाच्या मुलीकडे आलं. गुरुजींनी निळीची पुडी पुढे केली तर ती म्हणाली, "नदीत पानीच न्हाई. मग निळी कामून?" गुरुजींनी पुडी परत खिशात ठेवली. नदी त्या वर्षी मातीच्याच रंगाची राहिली.

दसरा झाला आणि गाव रिकामं होऊ लागलं. ऊसतोडीला बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं निघाली, बैलगाड्यांवर भांडी, शेळ्या आणि आमची पोरं. रुक्मीणही गेली. तिची ओळ मला आजही पाठ आहे: "आमची म्हैस तोंड धुवंना, तरी दूध देती पांढरं." इथे लिहून सांगते, पण म्हणून दाखवणार नाही. ती तिची आहे.

त्यानंतरचं गाणं ऐकवत नसे. एक ओळ, मग चार टाळ्या, पुन्हा चार टाळ्या, पुन्हा चार. मग कुठे एक बारीक आवाज. शिल्लक राहिलेली पोरं इमानाने टाळ्या वाजवायची. हात दुखायचे त्यांचे. संध्याकाळी काकूंनी विचारलं की गुरुजी नावं सांगायला लागत आणि तांब्या काकूंच्या हातातच राही.

न राहवून मी म्हणाले, "गुरुजी, या ओळी उरलेल्या पोरांत वाटून देऊ या. निदान गाणं तरी पुरं होईल."

ते म्हणाले, "जागा भरून टाकली तर वापस आलेलं लेकरू बसंल कुठं?"

"आणि नाहीच आलं तर?"

गुरुजी डबा उचलून आत गेले. त्यांना भीती वाटत होती. कारखान्याच्या पालावर राहिलेली पोरगी पुन्हा शाळेची पायरी चढेलच असं नसतं, तिच्या हातात कोयता येतो किंवा कडेवर धाकटं भावंड. हे मला नंतर कळलं, त्यांना तेव्हाच ठाऊक होतं.

उन्हं तापू लागली तेव्हा गाड्या परतल्या. एका सकाळी गाणं चालू असताना माझं दाराकडे लक्ष गेलं. रुक्मीण उभी होती. हडकलेली, केस तांबडे झालेले, कडेवर भाऊ. आत येईना. आपलं तिथे आता काही नाही अशीच ती उभी होती. गुरुजींनी तिला पाहिलं, पण ये म्हटलं नाही. ठेका सोडला नाही. एकेक ओळ पुढे सरकत तिच्या जागेपर्यंत आली आणि पोरांनी सवयीने टाळीसाठी हात उचलले. तेवढ्यात दारातून आवाज आला. तिने आपली ओळ म्हटली, सगळी, एकही शब्द न चुकता. पोरांचे हात तसेच वर राहिले.

गुरुजी म्हणाले, "पुन्हा म्हण." आणि चष्मा पुसायला लागले.

पुढच्या वर्षी तिरूला पाणी आलं, तेव्हा निळीची पुडी आधी तिच्याच हातात गेली.

सगळीच परतली नाहीत, हेही लिहायला हवं. काही ओळींच्या जागी चौथीपर्यंत टाळ्याच वाजल्या. माझी बदली झाल्यावर माझ्याही जागी वाजत होत्या, असं रुक्मीणने मला पुढे सांगितलं. ती आता त्याच गावात अंगणवाडी चालवते.

गौरवग्रंथाचं ठरलं तेव्हा समितीची मंडळी गुरुजींकडे गेली. गुरुजी आता जळकोटला असतात. मुलगा-सून पुण्याला बोलावतात, हे जात नाहीत. काकूंना जाऊन दोन वर्षं होतील. मंडळींना गुरुजींनी वाटेला लावलं. "मेल्यावर करा गौरव. तवा मला नको म्हणता येणार न्हाई."

मग मी आणि रुक्मीण गेलो. घर स्वच्छ होतं, पण आवाज कसला तो नाही. चहा त्यांनीच केला. बोलता बोलता म्हणाले, "बाई, शाळा सुटून इतकी वर्सं झाली, तरी ती रोज इचारायची. बाजारातून आलो तरी, देवळातून आलो तरी. आज कोण आलं न्हाई? मी म्हणायचो, आता कोणीच येत न्हाई, कुणाकुणाचं नाव सांगू? हसायची." मग म्हणाले, "आता एकच नाव हाय सांगाया, आन् इचारणारं कोणी न्हाई."

त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर वाजली. चार वेळा. ती जागा कुणाची, हे आम्हां दोघींनाही कळलं. मला रडू आवरेना.

रुक्मीण मात्र उठून उभी राहिली. पन्नाशीच्या घरातली बाई, पदर खोचला आणि आपली म्हैस म्हटली. मी माझी गाडी म्हटली. गुरुजींची बोटं ठेका धरून होती. आमचं झालं आणि त्यांची ओळ आली. बोटं थांबली. ते खिडकीबाहेर पाहत राहिले. आम्ही वाट पाहिली. ते बोलले नाहीत.

निघताना, गौरवाच्या कार्यक्रमाला याल का असं विचारलं, तर हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत.

म्हणून विद्यार्थ्यांना माझी एकच विनंती आहे. हार-शाल राहू द्या. नांदेड, लातूर, पुणे, जिथे असाल तिथून या आणि येताना आपली ओळ घेऊन या. जे येऊ शकणार नाहीत, जे आता नाहीत, त्यांच्या जागी आपण टाळ्या वाजवू. काकूंच्या जागीही वाजवू. आणि त्याआधी, जमेल त्याने जमेल त्या संध्याकाळी जळकोटला गुरुजींच्या दारात जाऊन विचारा, आज कोण आलं नाही म्हणून. नावं सांगायला त्यांना वेळ लागेल. थांबा.

गुरुजी, तुम्हांला आयुष्य लाभो, हातीपायी धड असं लाभो, हे तर सगळेच म्हणतील आणि मीही म्हणते. पण नियम तुमचाच आहे. तुमची ओळ आमच्यातलं कुणी म्हणणार नाही. आमच्या ओळी म्हणून झाल्या की आम्ही गप्प बसू. टाळ्या वाजवायला हात उचलणार नाही. 'उद्या या' असं तुम्ही म्हणेपर्यंत आमच्यापैकी कुणीही जागचं उठणार नाही.