सांगता येत नाही

दादा गेल्याची तार माधवनगरला आली तेव्हा मी पापड लाटत होते. फलटणला, भाड्याच्या खोलीत, हृदयविकारानं. पन्नाशीही गाठली नव्हती त्यानं. महिना उलटून गेला, तरी भेटायला येणारे येताहेत, आणि जो तो म्हणतो, "मास्तर म्हणजे देवमाणूस हो!" मी चहा ठेवते. आपल्याकडे देवमाणूस व्हायला आधी मरावं लागतं, एवढं मला आता कळून चुकलंय.

माझा हा थोरला भाऊ विज्ञानाचा शिक्षक. लग्न केलं नाही, शाळा हाच त्याचा संसार. पाटणच्या बाजूला, कोयनेच्या खोऱ्यातल्या एका गावात हायस्कुलावर होता. मोठ्या भूकंपाला पाच-सहा वर्षं झाली होती, पण जमीन अधूनमधून थरथरायचीच. फळीवरची भांडी वाजली की माणसं भरलं ताट सोडून अंगणात. त्यामुळे त्या गावाला पृथ्वीबद्दल जेवढे प्रश्न पडायचे तेवढे एखाद्या कॉलेजालाही पडत नसतील. संध्याकाळी शाळेच्या पायरीवर सगळे जमायचे. "मास्तर, पृथवी एवढी गरागरा फिरती, मग आमाला कसं कळत न्हाई?" दादा म्हणायचा, "रस्ता गुळगुळीत असला आणि डोळे मिटून बसलात, तर एसटी चाललीय हे कधी कळतं? ब्रेक लागला की. पृथ्वीला ब्रेकच नाही." मग कुणी विचारायचं, तिच्या पोटात काय हाय? "तापलेला दगड, आणि त्याच्याही आत वितळलेलं लोखंड. बघून कुणी आलेलं नाही. भूकंपाचे हादरे आतून कसे येतात त्यावरून ताडलंय, आपण कलिंगडाला टिचकी मारून ओळखतो तसं." हे सांगताना त्याचा चेहरा असा खुलायचा... की मला वाटायचं, याला बायको नाही तेच बरं, बिचारी वाट बघून कंटाळली असती.

एका मे महिन्यात मी त्याच्याकडे राहायला गेले होते. तेव्हा आवई उठली, की येत्या अमावस्येला गाव गडप होणार. कुणा ज्योतिषानं सांगितलं होतं म्हणे. सरपंच आबा चार माणसं घेऊन आले. "मास्तर, आवसंला धरणी हलनार म्हणत्यात. खरं हाय का?"

"सांगता येत नाही, आबा."

"मग न्हाई हलनार म्हना की."

"तेही सांगता येत नाही. कुणालाच येत नाही, त्या ज्योतिषालाही नाही."

ते गेल्यावर मी त्याच्यावर चिडले. "अरे, नाही म्हणून टाकायचं. तुझं काय जात होतं?" तो शांतपणे म्हणाला, "आणि झाला तर?"

आता त्या गावची रीत अशी, की जाणत्यानं अभद्र तोंडातून काढायचं नाही. वैद्य आजाऱ्याजवळून उठून गप्प बसला की पाहुण्यांना निरोप जातात. मास्तरांनीही तसंच 'नाही' म्हणायचं टाळलं, म्हणजे धरणी हलणार हे त्यांना ठाऊक आहे, असं गावानं धरलं. ज्योतिषावर निम्म्या गावाचा विश्वास नव्हता, दादावर सगळ्यांचा होता. हे आधी कुणालाच कळत नाही, असं तो जीव तोडून सांगत राहिला, पण कुणी ऐकलं नाही. अमावस्येला सगळं गाव म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट माळावर झोपायला गेलं. जमीन हलली नाही. वळीव मात्र आला, गारांसकट, आणि डोक्यावर छप्पर नाही. आबांची आई भिजली, तापानं फणफणली आणि चार दिवसांत गेली.

"तुमी न्हाई म्हनला असता तर आमी घर सोडलं नसतं," आबा भर रस्त्यात म्हणाले. आईवेगळा झालेला माणूस, त्याला काय बोलणार? पण बाकीच्यांना काय झालं होतं? ज्या पायरीवर बसायला जागा मिळायची नाही तिथं कुत्रं फिरकेना. शाळेच्या मंडळानं दादाची बदली फलटणला केली आणि विज्ञान काढून घेऊन कवायत दिली. ज्योतिषाला कुणी एक शब्द विचारला नाही.

त्यानंतर दिवाळीला आला तेव्हा मी मुद्दाम विचारलं, "दादा, थंडीत विहिरीचं पाणी कोमट का लागतं रे?" उत्तर मला येत होतं, लहानपणी त्यानंच सांगितलेलं. तो चकलीचा तुकडा मोडत म्हणाला, "बघ कुठल्या तरी पुस्तकात." माझा भाऊ खरं तर त्या दिवशी गेला. तार उशिरा आली, इतकंच.

गेल्या आठवड्यात आबा आले होते. खूप थकलेत. म्हणाले, "ताई, मास्तर खरं त्येच बोलले व्हते. आमालाच उमजलं न्हाई." मी म्हटलं, "फलटणला एसटी जाते, आबा. रोज जाते." त्यांनी चहा घेतला नाही. मीही आग्रह केला नाही.

परवा फलटणची खोली रिकामी करायला गेले. कपडे, स्टोव्ह, कवायतीची शिट्टी. खिडकीत एक काचेची वाटी होती, पाणी निम्मं आटलेलं, खाली टिपकागद अंथरलेला. माझ्या लगेच ध्यानात आलं. वाटी काठोकाठ भरून ठेवायची; जमीन जराशी हलली तरी पाणी सांडतं आणि कागद सांगतो. म्हणजे हा रोज बघत होता... मी घरमालकीणबाईंना विचारलं, तुम्हाला कधी काही बोलला का याबद्दल? "इचारलं व्हतं की मी," त्या म्हणाल्या. "तर म्हनले, मांजरासाठी ठेवतो."

"मांजर आहे तुमच्याकडे?"

"आवं, कुठलं मांजर!"