अर्ध्या तासाचं काम

बिरू फर्दापूरकडच्या मेंढपाळ घरातला. औरंगाबादेत येऊन टॅक्सीवाला झाला, तरी त्याची बायको मंजुळाबाई म्हणायची, "मेंढरं सुटली, पण खुरं तपासायची खोड नाय सुटली." भाडं नसलं की हा अँबेसेडरखाली आडवा.

त्या दिवशी विद्यापीठाच्या नामांतरावरून शहर बंद होतं. उस्मानपुऱ्यातल्या घरामागं गाडीचं बूड लाकडी ठोकळ्यांवर चढलं होतं. अजिंठ्याच्या रस्त्यानं मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे रबरी बुश पार चुरगळले होते. बिरू जुने ठोकून काढत होता, नवे साबणाचं पाणी लावून बसवत होता. शेवटचा एक उरला होता.

पुढची कडी वाजली. दारात मागच्या गल्लीतला फकिरा. चिकलठाण्याला कंपनीत कामाला, नामांतराच्या मोर्चात नेहमी पुढं; घरी बायको सत्यभामा दिवस भरलेली.

"वहिनी, सत्यभामा अडलीय. सुईणीनं हात टेकले. बिरूभाऊंना म्हणावं, गाडी काढा."

मागच्या बंदात गाडीची काच फुटून बिरूच्या कपाळाला टाके पडले होते. त्यात आज गाडीत फकिरा दिसला तर? मंजुळाबाईनं दार अर्धंच धरलं.

"गाडी खोललीय हो, भाऊ. चाकं बी नायत."

त्यात खोटं काहीच नव्हतं. मागून हातोड्याचे घाव ऐकू येत होते. फकिरा वळला.

"कोण होतं गं?" गाडीखालून बिरूनं विचारलं.

"कुणी नाय. जेवून घ्या आधी."

"अर्ध्या तासाचं काम राह्यलंय."

"मंग ते काय पळून चाललंय व्हय?"

बिरू हसून हात धुवायला उठला. तिनं त्याला आग्रहानं आणखी एक भाकरी वाढली.

सत्यभामा हातगाडीवर दवाखान्याच्या वाटेतच गेली. लेकरू पोटातच राहिलं.

तिसऱ्या दिवशी मंजुळाबाई दुखवट्याच्या घरी भाकऱ्या घेऊन गेली. सगळं सांगून टाकायचं, पायावर डोकं ठेवायचं, असं ठरवून गेली. "भाऊ, त्या दिवशी मी यांना..." एवढंच तोंडातून निघालं.

"वहिनी, तुमच्यावर राग नाय," फकिरा भिंतीकडं बघत म्हणाला. "मी गल्लीच्या तोंडाशीच थांबलो होतो. म्हटलं, बिरूभाऊ कसंबी करून जोडतील. हातोडा वाजत होता. मग थांबला. वाटलं, झालं काम, आता येतीलच."

मंजुळाबाईनं भाकऱ्यांच्या फडक्याची गाठ परत आवळली.

"लई वेळ थांबलो," तो म्हणाला.