अडसर आतून होता

"इथं काही नाही. जरा पाय उचला."

नानांचा आवाज माझ्याच अंगाशी वाजला. माइक त्यांच्या हातात होता आणि स्पीकरचा डबा माझ्या खांद्याला पट्ट्यानं लटकवलेला. ते पुढं, मी मागं. ते जे बोलतील ते माझ्या कमरेपाशी वाजायचं.

समोर दारात माझी माय उभी होती.

भीमजयंतीची पांढरी साडी नेसली होती तिनं. उंबऱ्यापुढं सडा, रांगोळी. स्टुलावर लिंबाच्या सरबताचं पातेलं, त्यावर ताट झाकलेलं. शेजारणीकडून मागून आणलेले काचेचे ग्लास. गल्लीतल्या चार बाया पदर सावरून तिच्या मागं उभ्या. मंडळाची वारसा फेरी आज आपल्या गल्लीत थांबणार, हे मीच सांगितलं होतं सगळ्यांना.

"या की सर," माय म्हणाली. "पाणी तरी घ्या. लई ऊन हाय."

"पुढच्या वेळी, बाई. तिकडं नाश्ता थंड व्हायलाय."

हेही माझ्याच डब्यातून. लोक भराभर पुढं गेले. एका बाईनं नाकाला रुमाल लावला. गटार वाहत नव्हतं त्या दिवशी, तरी लावला. मंडळातल्या केतकीनं वाकून रांगोळीचा फोटो काढला, मायकडं बघून गोड हसली, आणि गेली. मीही गेले. डबा माझ्या खांद्याला होता ना. नाना थांबले नाहीत तर मी कशी थांबणार?

आमचं गाव लातूर जिल्ह्यातलं, रेणापूरच्या अलीकडं. गावाला जुनी वेस आहे. दगडी कमान, मोठमोठे लाकडी दरवाजे, त्यावर लोखंडी खिळे. आम्ही महार, आता बौद्ध. आमच्या घराला गावात अजून येसकराचं घर म्हणतात. येसकर म्हणजे वेशीचा राखणदार. दिवस मावळला की दार लावायचं, उजाडलं की उघडायचं. एवढंच मला माहीत होतं.

मी नांदेडला विद्यापीठात इतिहासात एम.ए. केलं. लातूरच्या एका खाजगी शिकवणीत इतिहास-भूगोल शिकवते. रोज एसटीनं जाऊन-येऊन. रविवारी मंडळ. गावच्या इतिहासाचं मंडळ, नाना त्याचे अध्यक्ष. रिटायर हेडमास्तर. शाळेत मला त्यांनी शिकवलेलं. मी मंडळात गेले तेव्हा म्हणाले, "छान. शिकलेली पोरं यायला पाहिजेत." मग मला काम दिलं. सतरंज्या, खुर्च्या, स्पीकर.

त्या फेरीच्या आधीच्या बैठकीत मी विचारलं होतं, "आमच्या गल्लीत थांबू या का? माय येसकरकीचं सांगेल."

"बघू. वेळ मिळाला तर."

मी ते 'हो' समजले.

तर फेरी पोचली केतकीच्या बंगल्यावर. भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा सुशीला, वर शेव, सोबत चहा. हॉलच्या एका भिंतीवर नुसते फोटो. फेटेवाले, मिशावाले, एक हातात तलवार घेतलेला. केतकी एकेकाकडं बोट दाखवून सांगत होती.

"हे माझे पणजोबा. आपली वेस दुरुस्त केली ती यांनी. हे खापरपणजोबा."

लोक माना वर करून बघत होते. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. खापरपणजोबा असल्याबद्दल टाळ्या!

मी कोपऱ्यात डबा खाली ठेवून उभी होते. मला केतकीचा हेवा वाटत होता. तिच्या चपलांचा, तिच्या मोकळ्या हसण्याचा, ती उशिरा आली की चार जण खुर्ची सरकवून देतात त्याचा. ती बी.कॉम. मी एम.ए., फर्स्ट क्लास. ती निजामाचा काळ सांगताना पन्नास वर्षं इकडची तिकडं करायची, तर नाना हसून म्हणायचे, "जरा घोटाळा झाला बरं का." मी एकदा एक साल चुकले तर म्हणाले, "अभ्यास कमी पडतोय तुझा."

पण खरा हेवा त्या भिंतीचा होता. माझ्या बापाचा एक फोटो आहे घरात, मतदार ओळखपत्रावरचा मोठा करून घेतलेला. आजोबाचा नाही. पणजोबाचं तर नावही मला माहीत नव्हतं. मला वाटलं, एखादी खुर्ची उचलून त्या काचांवर घालावी. असं वाटल्याची मला लाजही वाटली नाही.

घरी आले तर माय ग्लास विसळत होती. सरबत गल्लीतल्या लेकरांनी पिऊन टाकलं होतं.

"माय, राग आला का?"

"राग कशाचा."

पाणी ओतून दिलं तिनं. ग्लास उपडे घातले. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "तू तिथं काय करायलीस गं नेमकं?"

मी एकेक ग्लास पुसायला घेतला.

तरी मी मंडळ सोडलं नाही. सोडलं की त्यांना कळणारसुद्धा नाही, असं वाटायचं. खुर्च्या कोण मांडील एवढाच प्रश्न पडेल. मी जात राहिले. आतून जळत राहिले.

पुढं मंडळाचा वार्षिक कार्यक्रम आला. हॉल भरलेला. शाळांच्या निबंध स्पर्धेची बक्षिसं, जुन्या भांड्यांचं प्रदर्शन, आणि केतकीचं व्याख्यान. विषय फलकावर लिहिला होता, 'आपल्या वेशीचा विसरलेला पहारेकरी'.

मी साउंडच्या टेबलाशी बसले होते. विषय दोनदा वाचला. वेशीचा पहारेकरी म्हणजे आमचंच घर.

केतकी बोलायला लागली. चांगली बोलते ती. खोटं कशाला सांगू. "रझाकारांच्या धामधुमीत," ती म्हणाली, "एका संध्याकाळी गावावर टोळी चालून येत होती. तेव्हा वेशीबाहेर एकटा उभा होता येसकर. त्यानं दार ओढून घेतलं आणि हातात काठी घेऊन तो रात्रभर उभा राहिला. त्याचं नाव होतं धोंडबा."

धोंडबा.

माझ्या पणजोबाचं नाव मी असं ऐकलं. केतकीच्या तोंडून. माझ्याच हातानं आवाज वाढवलेल्या स्पीकरमधून.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या कानात काही शिरत नव्हतं. एवढंच फिरत होतं की हे हिला मायनं सांगितलं. माझ्या मायनं. ही कधीतरी दुपारी, मी लातूरला असताना, आमच्या घरी येऊन बसली. मायनं हिला नाव दिलं. मला नाही दिलं. त्या भिंतीवरच्या सगळ्या फोटोंचा मिळून जेवढा हेवा वाटला नव्हता तेवढा त्या एका दुपारचा वाटला. तिच्याकडं सगळं होतं. आता माझा पणजोबाही तिचाच झाला.

"ही माहिती मला तिथल्या एका वृद्ध महिलेनं दिली," केतकी म्हणाली. "आणि गंमत म्हणजे त्यांची मुलगी आज इथंच आहे. आपल्या साउंडचं बघते ना, ती."

लोक वळून बघायला लागले. परत टाळ्या. नाना उठले, माइक घेतला.

"ये, ये पुढं. आईसाठी साडी-चोळी काढून ठेवली आहे मंडळानं. घेऊन जा."

मी उठले. स्टेजवर गेले. नाना साडीचं पाकीट पुढं करत होते, फोटोवाला बरोबर समोर येऊन बसला होता. मी पाकीट घेतलं नाही. माइक घेतला. नानांनी तो सहज सोडला. त्यांना वाटलं, आभार मानते.

"एका वृद्ध महिलेला नाव हाय," मी म्हणाले. "गयाबाई. ती वृद्ध न्हाई, अजून सोयाबीनच्या रानात खुरपायला जाती. मागं ती दारात सरबत घेऊन उभी होती. तवा तुम्ही सगळे तिथून गेलात. सर म्हणाले, इथं काही नाही."

फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला.

"तीच गल्ली, तीच बाई. मधी काय बदललं? माझ्या मायला आज इथं बोलवायचं होतं. तिची गोष्ट तिनं सांगायची होती. साडी राहू द्या."

"अगं बाळ," नाना माइकपासून तोंड लांब नेऊन हळूच म्हणाले, "कार्यक्रम चाललाय. हे नंतर बोलू."

"नंतर न्हाई, सर. मी तुमचं सामान उचलणार न्हाई आता."

माइक टेबलावर ठेवला आणि खाली उतरले. दारापाशी केतकी मागून धावत आली. तिचे डोळे भरलेले.

"तू आधी बोलायचंस ना मला. मी चांगल्या मनानंच केलं गं. तुमच्यासाठीच केलं."

"माहीत हाय," मी म्हणाले. "तेच तर."

ती तिथंच उभी राहिली. मी निघाले.

घरी माय भाकरी थापत होती. मी चुलीपाशी बसले आणि सरळ विचारलं, "तू तिला का सांगितलंस? मला कधी सांगितलं न्हाईस."

मायनं भाकरी तव्यावर टाकली. पाणी फिरवलं.

"तिनं इचारलं," ती म्हणाली.

मला कुणी कानाखाली मारली असती तरी एवढं लागलं नसतं. मी निजामाच्या जहागिऱ्या पाठ केल्या होत्या. परीक्षेत महसुलाची पद्धत लिहून मार्क घेतले होते. पण मायपाशी बसून कधी म्हणाले नव्हते की सांग. मलाही कुणीतरी शिकवलं होतं की इथं काही नाही. नानांच्या आधी, शाळेत, पुस्तकांत. आणि ते मला खरं वाटत आलं होतं.

माय माझ्याकडं बघत होती.

"मग, सांगितलं का तिनं समदं? दार उघडलं न्हाई ते?"

"कोणतं दार?"

मायचा हात थांबला.

मग तिनं सांगितलं. तिला तिच्या सासूनं सांगितलेलं, सासूला तिच्या सासूनं, आणि ती तर तिथंच होती. वेशीला अडसर आतून होता. येसकरानं बाहेरून दार ओढून घ्यायचं, आतल्या माणसानं अडसर टाकायचा. येसकर बाहेर, त्याचं घर बाहेर, आमचा सगळा महारवाडा बाहेर. त्या संध्याकाळी टोळीची धूळ दिसायला लागली तेव्हा गाव आत पळालं. धोंडबाची बायको ओली बाळंतीण. माझा आजा तिच्या पदरात, आठवड्याचा झाला नसेल. धोंडबानं तिला वेशीपाशी नेलं. दार वाजवलं. म्हणाला, मी बाहेर थांबतो, हिला तेवढं आत घ्या. लेकराला तरी घ्या.

आतून आवाज आला, "तुमची जागा बाहेर हाय. दार उघडणार न्हाई."

"कोण बोललं आतून?"

"मालक," माय म्हणाली. "त्या पोरीचा पणजा. मी तिला त्याचं नावबी सांगितलं. ती म्हणली, अगंबाई. अन् लिहून घेतलं."

टोळी वेशीवर न येता ओढ्याच्या अंगानं दुसऱ्या गावाकडं गेली, म्हणून आमचं घराणं आज आहे. धोंडबानं रक्षण केलं नाही. धोंडबा बाहेर सोडला होता. लेकराला पोटाशी धरून बसलेल्या बायकोसमोर काठी घेऊन उभा होता. केतकीनं त्याला शूर केलं आणि दाराच्या आतल्या माणसाला गोष्टीतून काढून टाकलं.

मायनं भाकरी पलटली. आपण काही मोठं सांगितलंय असं तिच्या चेहऱ्यावर अजिबात नव्हतं.

काही दिवसांनी नानांचा फोन आला. आवाज मऊ होता. मंडळाची स्मरणिका निघतेय. केतकीचा लेख त्यात आहे. खाली मायचं नाव टाकू, 'विशेष सहकार्य' म्हणून.

"सहकार्य न्हाई," मी म्हणाले. "सांगणारी गयाबाई, असं वर लिहा. आणि दार उघडलं न्हाई ते छापा. आतून कोण बोललं ते नावानिशी छापा."

"अगं, जुनं कशाला उकरून काढायचं? गावात दुही माजेल."

"मंडळ इतिहासाचंच हाय ना, सर?"

"तू फार कडवट झाली आहेस. केतकीबद्दल असूया आहे तुझ्या मनात. दिसते ती."

"व्हय. हाय," मी म्हणाले.

फोन ठेवला.

असूया आहे. ती गेलेली नाही आणि मी तिला घालवणारही नाही. केतकीला तिचा पणजोबा फुकट मिळाला, फ्रेमसकट. मला माझा दुसऱ्याच्या तोंडून, अर्धा कापलेला मिळाला. याचा हेवा वाटायला नको तर कशाचा वाटायला हवा? मला समजूतदार म्हणून मिरवायचं नाही.

आता रविवारी मी मायपाशी बसते. तिचं झालं की गल्लीतल्या दुसऱ्या बाईपाशी. हदगावला मावशी आहे, तिच्याकडं जाऊन आले. तिच्याही गावाला वेस होती, तिथंही येसकराचं घर बाहेरच होतं. धर्माबादला मैत्रिणीच्या सासूनं बोलावलंय. मी विचारते आणि गप्प बसते. ज्या बाईनं सांगितलं तिचं नाव आधी लिहिते, मग गोष्ट.

नानांना मी लेखी कळवलंय. धोंडबा अर्धा छापायचा नाही. छापलात, तर तुमच्या प्रकाशनाला मी मायला घेऊन येईन. पहिल्या रांगेत बसू आम्ही. धोंडबानं दार ओढून घेतलं तिथपर्यंत गोष्ट आली की माय उठेल, आणि आत कोण होतं त्याचं नाव भरल्या हॉलमध्ये सांगेल.

तिला मी विचारलं, सांगशील का म्हणून.

माय म्हणाली, "कवा हाय ते सांग."