जाऊबाईंची दाढ

लवंगेच्या तेलाचा वास आला की लेकीच्या दवाखान्यातला पहिला दिवस आठवतो. शिकून गावाकडंच परतायचं, या अटीवर सरकारनं तिला दातांच्या डॉक्टरकीला शिष्यवृत्ती दिली होती. "पुण्याला गेलेली पोरगी नेसरीला परत येतीय व्हय?" असं म्हणून थोरल्या जाऊबाई चारचौघींत हसायच्या आणि मी तोंडाला पदर लावून गप्प बसायची. लेक आली, आणि पहिल्याच सकाळी जाऊबाई गाल सुजवून, दाढेत लवंगेच्या तेलाचा बोळा धरून तिच्या खुर्चीत बसल्या. "थोरल्या आई, मिश्री आजपासून बंद," लेक म्हणाली, "आणि आता बोलायचं न्हाय, नुसतं आ करायचं." बाकावरच्या बायका खो खो हसल्या. मीही हसले, तोंडाला पदर न लावता. अजूनही तशीच हसते.