आठवा भाग

शाळेचा व्हरांडा झाडताना माझा हात थांबला. पटांगणात बाई अपूर्णांक शिकवत होत्या, तेही नाचातल्या गिरकीवर. अर्धी गिरकी म्हणजे पाठमोरं व्हायचं.

"पाव मोठा की आठवा भाग?" त्यांनी माझ्या मंगलला विचारलं.

"आठवा. आठ मोठे ना!"

गावच्या शाळेत मीही हेच उत्तर दिलं होतं. वर्ग हसला, आणि दुसऱ्या दिवसापासून मी शाळेत गेलेच नाही. गावाहून इतक्या लांब येऊनही हिचं तसंच झालं तर?

पोरं हसलीच.

"ए, गप रे! मंगल, दोन्ही फिरून बघ बरं."

पाव गिरकीत ती फाटकाकडून नळाकडे वळली. आठव्या भागात मात्र जेमतेम खांदा वळला. "अय्या, एवढुसाच!" म्हणत ती स्वतःच हसली.

चूक अशी पायांनी फिरून सुधारता येते, हे मला कुठं ठाऊक होतं! बाईंचे उपकार कसे फेडू? कुणी बघत नाही असं पाहून खांबाआड मीही हळूच आठवा भाग वळले.

तेवढ्यात मंगल ओरडली, "आई, एवढं नाही गं! तो पाव झाला!"